‘येतो’ म्हणणारा मास्तर

मास्तरचं नाव मी सांगणार नाही. गाडीत कोणाचं नाव घ्यायचं नाही ही त्याचीच शिस्त होती, आणि त्याची माझी ओळख सगळी गाडीतली.

बायको गेल्यावर मी एसटीत बसायला लागलो. जळगावला पिंप्राळ्यात घर आहे, दोन खोल्या आहेत, पंखा आहे, पण बूड टेकत नव्हतं. जन्मभर केळीचा ट्रक चालवला, रावेरहून दिल्लीला. तेव्हा घरी यायला जीव तडफडायचा. आता घरीच होतो, तर ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत नुसता फिरू राहिलो होतो. म्हाताऱ्यांना एसटी फुकट आहे. मग सकाळी रिक्षा करून स्टँडवर जायचं, लागलेली असेल त्या धुळे गाडीत बसायचं, धुळ्याला उतरून उभ्याउभ्या चहा प्यायचा, मिळेल त्या गाडीनं परत यायचं. धुळ्यात माझं काही काम नव्हतं. जळगावात बी नव्हतं. गाडी हलत राहिली की छातीतलं हलणं कळत नव्हतं, एवढंच.

तिथं हा भेटला. माझ्या मागच्या सीटवर बसलेला, आणि शेजारी एक पोरगा. पोरगा सांगू राहिला होता, “सर, भेंडी परवा आंघोळ करून बाहेर बसली होती.” मास्तर म्हणाला, “छान. जेवली का?” पोरगा म्हणाला, “अर्धी पोळी. पण मिरचीचं काही खरं नाही, मिरची दार उघडत नाही.” मला वाटलं होतं भाजीबाजारातले अडते असतील. आंघोळ ऐकल्यावर मी मागं वळलो आणि विचारलं, भाऊ, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? मास्तर म्हणाला, “नसलं तर याच पोराकडं दाखवीन. शेंगा घ्या.”

तर हा धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात मोठ्या पोरांना शिकवायचा. बी.ए. झाल्यानंतरचं शिक्षण. गावोगावी, वस्तीवस्तीवर जायचं, ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याच्याशी बोलायचं, त्याची पदवी. मी म्हटलं, बोलायची पदवी? तो म्हणाला, “बोलायची नाही, गप बसायची. दोन वर्षं लागतात आणि तरी काहींना जमत नाही.”

त्याचं घर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. आणि हा माणूस आठवड्यातून दोन दिवस सकाळी जळगावला यायचा आणि वर्ग घेत घेत धुळ्याला परत जायचा. एक पोर पाळधीला चढणार, आपल्या माणसाचं आठवड्याचं सगळं सांगणार आणि एरंडोलला उतरणार. तिथं दुसरी चढणार, ती पारोळ्यापर्यंत. कॉलेजनं त्याला केबिन दिली होती. तिथं टेबल आहे म्हणून तो बसत नव्हता. म्हणायचा, टेबलापलीकडं बसलेल्या माणसाला कोणी खरं सांगत नाही. शेजारी बसवा, दोघांची नजर रस्त्यावर ठेवा, मग बघा. ते मला पटलं. ट्रकमध्ये माझ्या किन्नरनं, म्हणजे क्लीनर पोरानं, जे सांगितलं ते त्यानं आपल्या बापाला कधी सांगितलं नसेल.

पण गाडी म्हणजे चव्हाटा. म्हणून ना माणसाचं नाव घ्यायचं, ना गावाचं. प्रत्येकाला एक भाजी. सगळी गाडी ऐकायची आणि कोणाला काही कळायचं नाही. कंडक्टर मात्र दर वेळी त्याला चिडवायचा, “मास्तर, आज आवक कशी आहे?”

दिसायला म्हणाल तर पांढरा शर्ट आत खोचलेला, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. पिशवीत घरून भाजून आणलेल्या शेंगा. पोरं बोलताना शेंगा सोलणार आणि टरफलं हा आपल्या शर्टाच्या खिशात भरणार. हात रिकामा असला की तोंड बंद होतं, असं त्याचं म्हणणं. धुळ्याला उतरेपर्यंत त्याचा खिसा फुगून उशीसारखा व्हायचा.

एकदा तिकीट तपासणारा चढला. कडक माणूस, कोणाला सोडत नव्हता. मास्तरचा पास बघितला, मास्तरनं शेंगा पुढं केल्या. तो टेकला. सीटच्या टोकावर अर्धा बसला होता, जरा वेळानं पुरा बसला. त्याला पारोळ्याला उतरायचं होतं. धुळ्याला उतरला तेव्हा रुमालानं डोळे पुसत होता, आणि खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या तपासणीवाल्याला धूळ गेली म्हणून सांगत होता. मास्तरनं त्याला काय विचारलं माहीत आहे? सकाळी काय खाल्लं, एवढंच. ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न त्यानं पोरांना बंद करून टाकला होता. कसं वाटतंय म्हटलं की माणूस ‘बरं’ म्हणतो आणि दुकान बंद.

मला मात्र त्यानं काही विचारलं नाही. महिने गेले. शेंगा द्यायचा, खिडकीची काच लावून द्यायचा, पण विचारलं नाही. त्याचा मला राग यायचा. तपासणीवाल्याला विचारतो, कंडक्टरला विचारतो, आणि मी काय दगड आहे?

त्याची दुसरी शिस्त म्हणजे निघताना पुढचा वार सांगायचा. पोरांनी कोणाच्या घरून उठताना ‘गुरुवारी येते’, ‘सोमवारी येतो’ असं सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि सांगितलं तर जायचंच. नाही जाणार असाल तर ‘नाही येणार’ म्हणून सांगायचं, पण खोटं बोलायचं नाही. स्वतः बी तसाच. धुळ्याला उतरताना ड्रायव्हरला, कंडक्टरला, मला, चहावाल्याला, सगळ्यांना “येतो शनिवारी.” एका शनिवारी अंगात ताप, गळ्याला मफलर, तरी आला. मागच्या लांब सीटवर आडवा झाला आणि डोळे मिटून मिरचीचं ऐकत गेला. मी म्हटलं, मास्तर, घरी पडायचं की. म्हणाला, “कंडक्टरला येतो म्हटलं होतं.” कंडक्टर म्हणाला, “मी कुठं तुमची वाट बघत बसलो होतो?” मास्तर म्हणाला, “बघत होतात.” कंडक्टर पुढं निघून गेला. बघतच होता तो.

आता पोरीचं सांगतो. शिंदखेड्याकडची. आवाज मोठा, चालणं भरभर, हसणं गाडीभर. बापानं दोन वर्षांचा वायदा केला होता. त्यातलं दुसरं संपत आलं होतं. पास झाली तर नोकरी, नाही तर स्थळ ठरलेलंच होतं. तिच्या प्रॅक्टिकलला एक घर धरून वर्षाच्या शेवटापर्यंत दर आठवड्याला जायचं होतं, आणि पुरं झालं की मास्तरची सही. तिला मिळालेलं घर पारोळ्याच्या पुढं एका खेड्यात. तिथली तरणी सून म्हणजे तिची मेथी. मेथीचा नवरा दारूनं खाटेला लागलेला. पोर दर गुरुवारी जायची, मेथीजवळ बसायची, आणि उठताना म्हणायची, गुरुवारी येते.

नवरा गेला. पोर दारावर गेली.

आमच्याकडं दारावर जायची रीत आहे. मयत झालं की गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक संपेपर्यंत, रोज माणसं दारावर येतात, बाया आत, पुरुष बाहेर. बसायचं, आणि निघताना मुकाट उठायचं. राम राम नाही, येतो नाही. येतो म्हटलं म्हणजे पुन्हा अशाच कामाला येणं होतं. लहान लेकराला बी हे माहीत असतं. पोरीलाही माहीत होतं. पण तोंडाला वळण लागलेलं. बायांमधून उठली आणि सवयीनं म्हणून गेली, “गुरुवारी येते.”

मेथीची सासू उठली. जिचा पोरगा गेला होता ती. म्हणाली, “आते कोनले लेवाले येशी?” आता कोणाला न्यायला येशील. पोरीला हाताला धरून ओट्याखाली उतरवलं आणि सांगितलं की परत या घराची पायरी चढायची नाही.

हे सगळं पोरीनं पारोळ्याला गाडीत चढल्यावर सांगितलं. शेंग हातात तशीच धरून. मग विचारलं, सर, आता माझं वर्ष?

मला राहवलं नाही. मी मागं वळलो आणि म्हटलं, “मास्तर, चूक पोरीची नाही, तुमची आहे. मयताच्या दारी येतो म्हणतात का? इकडचेच ना तुम्ही?”

“चूक माझीच आहे,” तो म्हणाला.

“मग करून टाका सही.”

“ती नाही करणार. अर्धं काम पुरं म्हणून लिहिलं तर उद्या ही कोणाच्या घरात अर्धं काम करून उठेल.”

मी बोललो त्याला बरंच. पोरीचं नशीब हातात घेऊन शेंगा सोलता का, असंही बोललो. पुढच्या सीटवरची माणसं वळून बघू लागली. तो शांतपणे ऐकत होता, पण पाय हलत होता त्याचा. मग म्हणाला, “आबा, गंधमुक्तीनंतर दारावर कोण येतं?”

मी म्हटलं, कोण येणार?

“तेच. तोवर गल्ली भरते, आणि नंतर कोणी नाही. कारण कोणी येतो म्हणालेलंच नसतं. म्हणून मी पोरांना म्हणायला लावतो.”

मी पुढं तोंड केलं. माझ्या दारावर सगळी कॉलनी होती. गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या, आणि खुर्च्यांबरोबर माणसं बी गेली.

शनिवारी मास्तरनं मला पारोळ्याला उतरवलं. म्हणाला, वयस्कर माणूस बरोबर असू द्या, मला त्या घरी जायचंय. गेलो. ओट्यावर सतरंजी होती, चार माणसं होती, आम्ही टेकलो. सासू दारात येऊन उभी राहिली. मास्तर हात जोडून म्हणाला, पोरीला मी शिकवलं होतं, माझी चूक आहे. ती नुसती बघत राहिली. डोळे असे कोरडे की मला तिकडं बघवेना. जरा वेळानं आम्ही उठलो. मी मास्तरकडं बघू राहिलो होतो, आता हा म्हणतो की काय. त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. मुकाट उतरला.

फाट्यावर गाडीची वाट बघत उभे होतो. त्याला उभं राहवत नव्हतं. या झाडापासून त्या झाडापर्यंत फेऱ्या मारू लागला, मी घरात मारायचो तशाच. म्हणाला, “तिचा पोरगा गेलाय आबा. तिला मी काय नियम सांगू?” पिशवीत हात घातला तर शेंगा संपलेल्या. त्याला इतकं रिकामं मी कधी बघितलं नव्हतं.

आणि मग मीच बोललो. त्यानं विचारलं नव्हतं तरी बोललो. म्हटलं, माझं त्या शब्दाशी पटत नाही मास्तर. बायकोला दवाखान्यात न्यायला गाडी आली, तेव्हा ती तव्यावर भाकरी टाकून बसली होती. दोघांनी उचललं तिला, आणि दारातून मला म्हणाली, येते मी, तेवढा तवा उतरवा. येते म्हणाली आणि आली नाही.

मास्तर माझ्या शेजारी उभा राहिला. नजर रस्त्यावर. म्हणाला, “तवा उतरवला?”

“दुसऱ्या दिवशी. गॅस तेवढा बंद केला होता.”

“भाकरी?”

“करपली होती.”

“काय केलं तिचं?”

“खाल्ली.”

त्यानं मान हलवली. बस्स. शहाणपणाचं एक अक्षर बोलला नाही, म्हणून मी पुढचं बोलू शकलो. मी म्हटलं, “पोरीला माझ्याकडं पाठवा. माझ्या दारात तिनं खुशाल येते म्हणावं. त्या घरात आता मरायला मीच एक उरलोय, दुसऱ्या कोणाला धोका नाही.”

गाडी आली. जळगावची होती, तरी घर धुळ्याला असून मास्तर माझ्याबरोबर चढला. मग स्टँडवर उतरताना म्हणाला, “भाजीचं नाव द्यावं लागेल तुम्हाला. पोरगी ठरवेल, मी सांगणार नाही. आणि आता नव्यानं सुरुवात, परीक्षा पुढं गेली तरी चालेल, पण पुरं होईपर्यंत सही नाही.” कॉलेजशी भांडून त्यानं तिची मुदत वाढवून घेतली, आणि शिंदखेड्याला जाऊन बापाच्या शेजारी ओट्यावर बसून त्याच्याकडूनही. बापाला काय म्हणाला ते पोरीलासुद्धा कळलं नाही. सकाळी काय खाल्लं हे विचारलं असणार.

पहिल्या गुरुवारी मी पायजमा-शर्ट घालून, टोपी घालून बसलो होतो. जसं काही गाडी पकडायची आहे. पोर आली, खुर्ची माझ्या शेजारी ओढून दाराकडं तोंड करून बसली. विचारलं, “आबा, सकाळी काय खाल्लं?”

“तुला काय करायचंय?”

“काही नाही. मी पोहे खाल्ले. खारट होते.”

मग बसून राहिली. मोठ्या आवाजाची पोर, पण तासभर चिडीचूप. मी दोनदा उठून पाणी प्यायलो, एकदा उगाच गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. ती तिथंच. उठताना माझ्याकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, “गुरुवारी येते आबा.” शेजारची अक्का दारात तांदूळ निवडत होती. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, अगं वर्ष नाही झालं त्या घराला. मी म्हटलं, म्हणू दे तिला.

त्यानंतर गुरुवारी मला एसटीत बसता येईना. ती येते म्हणाली होती ना. बाकी वार मी फिरायचो, पण गुरुवारी घरात राहावं लागायचं, आणि घरात राहायचं तर केर काढावा लागायचा, आणि दर वेळी काय खाल्लं विचारते म्हटल्यावर काही तरी शिजवावं लागायचं. कित्येक गुरुवारी मी तिच्याशी धड बोललो नाही. एकदा तर म्हटलं, तुझी सही झाली की तू बी येणार नाहीस. ती म्हणाली, “नाही येणार आबा. पण तेव्हा सांगून जाईन.” राग आला, आणि विश्वासही बसला.

एका मंगळवारी मी गाडीत, आणि मागं पोर मास्तरला सांगू राहिली होती, “सर, कारल्यानं भाकरी केली. जाड झाली होती, पण अर्धी शेजारच्या अक्कांना दिली.” एक बाई म्हणाली, “अगं, कारल्याची भाकरी कशी करतात?” मी वळून म्हटलं, “मास्तर, दुसरी भाजी नव्हती का?” तो म्हणाला, “दोडका मोकळा होता. पोरीला वाटलं तुम्हाला शोभणार नाही.” कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून हसत बसला.

सही झाली. शेवटच्या गुरुवारी पोर उठली. डोळे भरलेले, पण शिस्त मोडली नाही. “आबा, आता मी येणार नाही,” म्हणाली. मी म्हटलं, बरं. ती गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत दारात उभा होतो. आता ती एका तालुक्याच्या दवाखान्यात नोकरीला आहे. त्या सासूनं मेथीला तिथं आणलं, स्वतः बरोबर बसली, असं मास्तरनं सांगितलं. कोणी बोलावलं, कशा आल्या, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग एका शनिवारी धुळ्याला गाडी लागली. मास्तर उतरला. उरलेल्या शेंगांची पिशवीच माझ्या मांडीवर ठेवली, कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवला, ड्रायव्हरला हात केला. म्हणाला, “बसा आबा.” आणि रबरी चपला फटफटवत गर्दीतून निघून गेला. मी पिशवी घेऊन बसून राहिलो. काही तरी राहिल्यासारखं वाटत होतं. गाडी पारोळ्यापर्यंत परत आली तेव्हा ध्यानात आलं. तो येतो म्हणाला नव्हता.

मंगळवारी आला नाही. शनिवारी नाही. कंडक्टरनं विचारपूस केली तर पोटाचं दुखणं, आणि ते मास्तरला आधीपासून ठाऊक होतं. जे खरं नाही ते बोलायचं नाही. नाही बोलला तो. पण ‘येणार नाही’ हेही बोलायला हवं होतं त्यानं. पोरीला शिकवलं आणि स्वतःला जमलं नाही. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

देवपूरला त्याच्या दारावर गेलो. मांडव, खुर्च्या. कंडक्टर होता, तो तपासणीवाला होता, पोरं होती. शिंदखेड्याची पोर आत बायांमध्ये बसली होती. दारातून मास्तरची बायको दिसत होती, भिंतीला टेकून. माणसं येत होती, बसत होती, मुकाट उठून जात होती. माझे पाय हलू लागले. चार वेळा उठावंसं वाटलं आणि बसलो. मग उठलो. दाराशी गेलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “वहिनी, गुरुवारी येतो मी.”

मांडवात सगळ्यांच्या माना वळल्या. कोणी तरी नातेवाईक माझा दंड धरून म्हणाला, बाबा, असं बोलू नका इथं. मी दंड सोडवून घेतला नाही, पण हललो बी नाही. आत पोरगी तोंडावर ओढणी धरून बसली होती.

बाईनं माझ्याकडं बघितलं. मग पदरानं तोंड पुसलं.

“या,” म्हणाली. “शेंगा भाजून ठेवते.”

आज बुधवार आहे. टोपी धुऊन दोरीवर टाकली आहे.